आखाजीच्या मालात अडकलेलं भांडवल

मा. संपादक,
स. न.

कोरोनात छोटे धंदे का बसले याची चर्चा ‘गिऱ्हाईकच नव्हतं’ इथेच थांबते. खान्देशात घात केला तो तारखेने. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा लग्नसराईचा आणि आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, माल भरून झाला होता, घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे होते. आखाजी होती २६ एप्रिलला. कुंभारांचंच बघा. पितरांच्या घागरी आधीपासून घडवायच्या, भाजायच्या, रचून ठेवायच्या आणि सणाच्या तोंडावर विकायच्या. माती, जळण, मजुरी सगळं आधी, पैसा एकदाच. २०२१ ला आखाजी १४ मे रोजी आली, तेव्हाही निर्बंध होतेच. घागर निदान टिकते. केळीचे वेफर खवट झाले की फेकावेच लागतात.

मदत आली, पण ज्याचा धंदा कागदावर होता त्याला. केंद्राच्या कर्जहमी योजनेत २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी, त्याच्या २० टक्के जादा मिळत होतं. पाच लाख बाकी असेल तर एक लाख. भिशी, हातउसने आणि सावकारावर चालणाऱ्या दुकानाला शून्य.

टाळेबंदीत कर्जाचे हप्ते भरायला सवलत मिळाली. हप्ते थांबले म्हणजे व्याजही थांबलं, हा समज फार महागात पडला. पाच लाखांवर १२ टक्क्यांनी मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांत साधारण ३०,७६० रुपये व्याज चढतं. सरकारने परत दिलं ते व्याजावरचं व्याज, म्हणजे त्यातले ७६० रुपये.

विम्याचंही तसंच. आगीच्या पॉलिसीला जोडलेलं, बुडालेला नफा भरून देणारं संरक्षण दुकानाची प्रत्यक्ष नासधूस झाली तरच लागू होतं. आदेशाने शटर खाली आलं तर सहसा काही मिळत नाही.

म्हणून हंगामाचा माल दोन खेपांत भरावा. आधी साठ टक्के, उरलेला विक्री बघून. दुसरी खेप थोडी महाग पडेल, ती पडू द्यावी. भाडं, पगार, लाइट बिल, हप्ता मिळून महिन्याला २२ हजार लागत असतील तर तीन महिन्यांचे ६६ हजार मुदत ठेवीत बाजूला हवेत. चार पैसे सुटले की लगेच माल वाढवायचा, ही आपल्याकडची सवय इथे नडते. क्यूआरवरचा गल्ला घरच्या बचत खात्यात न घेता दुकानाच्या चालू खात्यात घ्यावा. बँक कर्ज देताना त्याच नोंदी बघते. छोट्या धंद्यांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आधार-पॅनवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत. हातगाडीवाल्यांनी पालिकेचं विक्री प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवावं. कोरोनात फेरीवाल्यांसाठी आलेल्या केंद्राच्या ‘स्वनिधी’ कर्ज योजनेतल्या पहिल्या दहा हजारांसाठी ते किंवा पालिकेचं शिफारसपत्र नसल्याने अर्ज अडत होते.

जिल्हा उद्योग केंद्रांना विनंती, की नोंदणीची शिबिरं आठवडे बाजारातच घ्यावीत, तीही दिवाळीनंतर लगेच, आखाजीचा माल भरायच्या आधी. दुकान बंद ठेवून जळगाव, धुळे किंवा नंदुरबार गाठणं एकट्या दुकानदाराला परवडत नाही.

– एक हिशेबनीस, जळगाव