आधी शिकाऊ परवाना, मग किल्ली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीची परीक्षा संपली की गल्लोगल्ली मुलं गाडी शिकताना दिसतात. गाडीवर ‘एल’चा पत्ता नाही आणि परवान्याचं विचारलं तर ‘काढू की नंतर!’ हा क्रमच उलटा आहे. शिकाऊ परवाना हा शिकण्यासाठीच असतो, तो हातात येईपर्यंत रस्त्यावर क्लचला पायही लावू नये.

सोळाव्या वर्षीची सवलत फक्त 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीला आहे. घरोघरची स्कूटर 110 किंवा 125 सीसीची, म्हणजे 18 पूर्ण हवेत. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

अर्जाआधी डोळे तपासा. स्वयंघोषणेच्या नमुना 1 मध्ये, भर उजेडात 25 मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, हा प्रश्न असतो. बहुतेक जण न वाचताच ‘होय’ करतात. एकामागे एक सहा मोटारी उभ्या केल्या तर साधारण तेवढं अंतर होतं. एकेक डोळा झाकून वाचायला लावा. 3 आणि 8 मध्ये गल्लत झाली तर आधी चष्मा, मग अर्ज. फिट येत असेल तर तेही लपवू नका. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा दाखला, म्हणजे नमुना 1-अ, लागतो.

आधारला जोडलेला मोबाइल चालू असेल तर ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येते. 15 पैकी 9 उत्तरं बरोबर हवीत. ती एजंटकडून सोडवून घेऊ नका. त्यातल्याच वाहतुकीच्या खुणा उद्या चौकात समोर येणार आहेत. शिकाऊ परवाना 6 महिने चालतो, पक्क्या परवान्याची चाचणी 30 दिवसांनंतर देता येते.

‘एल’ पुढे आणि मागे, दोन्हीकडे हवा: किमान 18 सेंटिमीटरचा पांढरा चौकोन, त्यावर 10 सेंटिमीटर उंच लाल अक्षर. शेजारी पक्का परवानाधारक हवाच. या अटी मोडल्या तर अपघातानंतर विमा कंपनी दाव्यावर बोट ठेवू शकते.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, घरच्या गाडीत फक्त हँडब्रेक. तो शेजारी बसलेल्याच्या हाताला येत नसेल, तर त्या गाडीवर शिकवू नका.

आपला,
एक मोटार ड्रायव्हिंग प्रशिक्षक, सातारा