धबधब्याच्या वरचं रान

युंगाबुरा, उत्तर क्वीन्सलंड
जुलै

प्रिय अवि,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप पोचला. सुरंगीची रोपं पहिल्या पावसात तगली हे ऐकून फार बरं वाटलं. मागे फोनवर तू एक गोष्ट विचारली होतीस: देवराई राखली, वरच्या सड्यावर झाडं लावली, तर खालचा पऱ्या खरंच जास्त दिवस वाहील का, की आपण गावाला उगाच आशा लावतोय? तो प्रश्न डोक्यातून गेलाच नाही. आता स्मिता आणि मी ब्रिस्बेनहून केर्न्सला येऊन गाडी घेतली आहे आणि धबधब्यांच्या मागे हिंडतो आहोत. जे पाहिलं ते तुला सविस्तर लिहायचंच होतं.

इथे जुलै म्हणजे हिवाळा, कोरडा हंगाम. खरा पाऊस डिसेंबर ते एप्रिल. तरीही केर्न्सहून दक्षिणेला निघालो आणि तासाभरात काच पुसायची वेळ आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. तोडणी सुरू आहे, आणि उसाने भरलेल्या छोट्या आगगाड्या अरुंद रुळांवरून कारखान्याकडे जाताना दिसतात. उसाच्या पलीकडे एकदम डोंगराची भिंत उभी राहते, बेलेन्डेन कर आणि बार्टल फ्रिअर. बार्टल फ्रिअर १६२२ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास, पण समुद्राला इतका लगटून की मधे कोकणपट्टी म्हणावी तर ती उसाची चिंचोळी पट्टीच. कोरल समुद्रावरून आग्नेयेचे वारे येतात ते थेट या भिंतीवर आदळतात. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून चढतो, इथे पूर्वेकडून. बाकी कारण तेच. बेलेन्डेन करच्या माथ्यावर पर्जन्यमापक आहे. तिथे वर्षाला सरासरी ८००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि २००० साली १२,४६१ मिलिमीटर पडला. टुली गावात तर ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभारलाय, कारण १९५० साली गावात तेवढा पाऊस झाला होता.

जोसेफीन धबधबा बार्टल फ्रिअरच्या पायथ्याशी आहे. गाडीतळापासून जंगलातून छान पायवाट आहे. पाणी ग्रॅनाइटच्या गुळगुळीत शिळांवरून टप्प्याटप्प्याने उतरतं आणि खालच्या डोहात एका उतरत्या शिळेवरून पोरं घसरगुंडी खेळतात. पण ठिकठिकाणी इशाऱ्याच्या पाट्या आहेत आणि त्या मी शब्दन् शब्द वाचल्या. इथे माणसं गेली आहेत. माथ्यावर ढगात कोसळणारा पाऊस खालून दिसत नाही, खाली डोक्यावर ऊन असतं आणि काही मिनिटांत लोंढा येतो. वरचा डोह म्हणून बंदच ठेवलाय. आपल्या घाटात दर पावसाळ्यात अशा बातम्या येतात आणि मला दरवेळी संताप येतो, कारण पाण्याची ही सवय स्थानिकांना ठाऊक असते आणि पाहुण्यांना ती कोणी सांगत नाही. मार्लेश्वरला निदान गावातलं एखादं माणूस ओरडून परत बोलावतं. इथे ते काम पाटी करते, आणि बहुतेक लोक ऐकतात.

इनिसफेलहून पामर्स्टन हायवे घाट चढू लागतो आणि दोन्ही बाजूंनी रान अंगावर येतं. वाटेत मामू आदिवासींच्या नावाचा उंच पूल आणि ३७ मीटरचा मनोरा आहे, झाडांच्या शेंड्यांतून चालता येतं. मार्च २००६ मध्ये लॅरी चक्रीवादळाने हे जंगल झोडपलं होतं. पुलाची आखणी वादळाने मोकळ्या केलेल्या जागांतूनच केली. वरून बघताना मला अनोळखी असं फारसं काही वाटेना. वेत तर ओळखूच आला, तसाच काटेरी, तसाच कपड्यांना धरून ठेवणारा. एक झाड मात्र दुरूनच बघायचं. जिंपी-जिंपी. पानं हृदयाच्या आकाराची, मोठी, लुसलुशीत, हात लावावासा वाटेल अशी. पानांवर काचेसारखी बारीक कुसं असतात, ती कातडीत मोडतात आणि दुखणं महिनोन् महिने परत परत उसळतं. आपली खाजकुइली याच्यापुढे काहीच नाही. उजेड मिळेल तिथे, म्हणजे नेमकं पायवाटेच्या कडेला, ते उगवतं.

आता मुख्य गोष्ट. घाट चढून मिला-मिला गावाशी आलास की लूपसारखा एक छोटा रस्ता आहे, त्यावर तीन धबधबे: मिला-मिला, झिली आणि एलिंजा. मिला-मिला सगळ्यांत प्रसिद्ध. १८ मीटरचा सरळ, रुंद पडदा, समोर गोल डोह. सुंदर आहेच, पण फोटोसाठी इतकी रांग की पाण्याकडे बघायला उसंत नाही. झिली वरच्या कठड्यावरून बघायचा. मला विचारशील तर तिघांत एलिंजा. नागमोडी पायऱ्या उतरून तळाशी जावं लागतं, म्हणून गर्दी कमी. आम्ही गेलो तेव्हा कोणीच नव्हतं.

अवि, तो कातळ बघून मी हबकलो. काळाभोर बेसॉल्ट, आणि त्याला उभे सांधे पडून खांब झालेले, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत तसे. पाणी एका धारेत पडत नाही. खांबाच्या डोक्यावर आपटतं, फाटतं, दुसऱ्या खांबावर जातं, पुन्हा फाटतं, आणि खाली येईतो त्याच्या शंभर बारीक धारा होतात. प्रत्येक खाचेत शेवाळ आणि नेचे. मी हात लावून पाहिला. तोच खरखरीतपणा, त्याच बारीक वायूच्या पोकळ्या. आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. इथला त्या मानाने अगदी अलीकडचा, इतका की शेवटचे उद्रेक माणसाने डोळ्यांनी पाहिले.

ही गोष्ट तुला आवडेल. जवळच ईचम आणि बॅरिन ही दोन गोल तळी आहेत, ज्वालामुखीच्या स्फोटाने झालेली. इथले आदिवासी त्या स्फोटाची कथा पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत: निषिद्ध गोष्ट घडली, वारा सुटला, आकाश विचित्र रंगाचं झालं, जमीन फाटून माणसं गिळली गेली. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट डिक्सन यांनी १९६० च्या दशकात ती नोंदवली. सांगणाऱ्याने एक वाक्य जोडलं होतं, की तेव्हा इथे दाट रान नव्हतं, उघडी झुडपं होती. पुढे तळ्यांच्या गाळातले परागकण तपासले तेव्हा दिसलं की तळ्यांभोवतीचं हे वर्षावन सुमारे ७६०० वर्षांपूर्वीच परतलंय. म्हणजे एवढ्या काळाची आठवण माणसांनी नुसती तोंडी जपली.

आणि आता तुझा प्रश्न. एलिंजाच्या पायऱ्या चढून वर आलास की रान दोन मिनिटांत संपतं. पुढे सगळी कुरणं, तांबडी माती आणि दुभत्या गाई. हे पठार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाडं तोडून मोकळं केलं गेलं. लाकडासाठी, मग दुधासाठी. इथल्या वर्षावनाला जागतिक वारशाचा दर्जा १९८८ साली मिळाला, पण पठारावर उरले होते ते तुकडे: ओढ्यांच्या कडेच्या पट्ट्या, तळ्यांभोवतीची वर्तुळं. तुझ्या देवराईसारखेच, फक्त देवाविना.

हे तुकडे जोडायला लोकांनी १९८२ साली ट्रीट नावाची संस्था काढली. शुक्रवारी सकाळी ईचम तळ्याजवळच्या रोपवाटिकेत स्वयंसेवक जमतात, म्हणून आम्हीही गेलो. निवृत्त शिक्षिका, शेतकरी, दोन कॉलेजची मुलं, सगळे बसून बिया निवडत होते. मी एका आजींबरोबर रोपं मोठ्या कुंड्यांत हलवली. पद्धत तुझ्या कामाची आहे. बी शक्यतो जवळच्याच रानातलं. झाडं दाट लावायची, दोन पावलांच्या अंतराने, म्हणजे दोन-तीन वर्षांत सावली जुळते आणि गवत आपोआप मरतं. आणि निवड अशी, की भराभर वाढणारी जशी हवीत तशी लवकर फळणारीही हवीत. फळं आली की पक्षी येतात, आणि मोठ्या रानातलं बाकीचं बी तेच आणून टाकतात. बॅरिन तळ्याचं रान पलीकडच्या गडगारा जंगलाला असं जोडलंय, डोनाहीज कॉरिडॉर म्हणतात त्याला. एका शेतकऱ्याने ओढ्याकाठची जमीन दिली, गाई बाहेर ठेवायला कुंपण घातलं, आणि आता तिथे न लावलेली झाडंही उगवली आहेत. मोठ्या बियांचं मात्र कठीण. खालच्या रानात ते काम कॅसोवरी हा मोठा, न उडणारा पक्षी करतो, आपल्याकडे धनेश करतो तसं. तुझ्या देवराईत धनेश अजून येतो, ही किती मोठी ठेव आहे हे मला इथे कळलं.

तेव्हा माझं मत सांगतो. गावाला बारमाही पाण्याचं वचन देऊ नकोस. इथले धबधबे वर्षभर वाहतात ते आधी या कारणाने, की पाऊस दर महिन्याला थोडा तरी पडतो, आणि दुसरं म्हणजे बेसॉल्टच्या भेगा पाणी साठवतात. आपल्याकडे पाऊस चार महिने, तो काही झाडं वाढवणार नाहीत. पण रान पाणी जिरवतं, माती धरतं. माथ्यावरचे ढग टेकले की पानं आणि शेवाळ धुक्यातूनही पाणी ओढतात, ते पर्जन्यमापकात मोजलंच जात नाही. कुरणातून येणारा ओढा पावसानंतर लालगढूळ होतो आणि रानातून येणारा निवळ राहतो, हे आम्ही एकाच दुपारी, एकाच रस्त्यावर पाहिलं. गावाला एवढंच सांग: पाणी निवळ येईल, सडा धुपणार नाही. हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

युंगाबुराजवळ कर्टन फिग म्हणून एक अजस्र झाड आहे, त्याच्या पारंब्यांचा १५ मीटरचा पडदा लोंबतो. पाटीवर नाव वाचलं, फायकस विरेन्स. म्हणजे आपली पिंपरी! स्मिताला ते सांगताना माझा आवाज चढला होता.

तू एकदा येच. मे-जून बघ, पाऊस ओसरलेला असतो आणि धबधबे भरलेले. गिलीज घाट दिवसा उतरू, त्याला २६३ वळणं आहेत म्हणतात. बिया मात्र आणू नकोस, विमानतळावर काढून घेतात. त्यापेक्षा एक कर, देवराईतल्या लवकर फळणाऱ्या झाडांची यादी कर आणि धनेश कोणती फळं खातो ते गुरवांना विचारून पाठव. रोपवाटिकेतल्या त्या आजींना मी तुझ्याबद्दल सांगितलंय, त्यांनी लागवडीच्या अंतरांचा तक्ता द्यायचं कबूल केलंय. परवा शुक्रवार आहे. मिळाला की लगेच फोटो काढून पाठवतो.

काकूंना साष्टांग नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
नंदू