तळमजल्याची खोली कबूल करून वडिलांना माडीवर चढवल्याबद्दल तक्रार

दिनांक : 27 जानेवारी 2026

प्रति,
मा. संचालक,
ग्राहक सेवा विभाग,
वाशी, नवी मुंबई

विषय : वाई येथील आपल्या वाडा-हॉटेलातील 9 ते 11 जानेवारी 2026 या मुक्कामाबाबत

महोदय,

मी ठाण्याला नौपाड्यात राहते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, 82 वर्षांचे आहेत. त्यांचं बालपण वाईत गेलं. नदीच्या पुरात पोहायला ते तिथेच शिकले. पुढे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी लागली, बदल्या झाल्या, वाईतलं घर विकलं गेलं आणि वाईला जाणं म्हणजे कुणाच्या लग्नाला सकाळी जाऊन संध्याकाळी परतणं, एवढंच उरलं. गेली तीन-चार वर्षं त्यांचं एकच मागणं होतं : एक रात्र वाईत झोपायचं आणि पहाटे घाटावर जायचं.

नातेवाईक आता तिथे कुणी नाहीत. म्हणून आपलं हॉटेल निवडलं. आपल्या जाहिरातीत चौक, ओसरी, तुळशीवृंदावन, लाकडी खांब असं सगळं होतं आणि वर लिहिलं होतं, “पाहुणे नाही, घरची माणसं.” त्या ओळीवर विश्वास ठेवून मी 6,500 रुपये रोजाच्या दोन खोल्या दोन रात्रींसाठी घेतल्या.

पैसे भरण्याआधी, 4 डिसेंबरला, मी फोन करून एकच गोष्ट विचारली होती. अण्णांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, सपाट जमिनीवर ते काठी टेकत चालतात, पण जिना चढू शकत नाहीत. तळमजल्यावर खोली मिळेल का? आपल्या माणसाने “मिळेल” म्हटलं. मी ते लेखी मागितलं. त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर उत्तर आलं : “तळमजला, खोली क्रमांक 2, नक्की.” त्या निरोपाचा फोटो सोबत जोडला आहे. तो आल्यावरच मी पैसे भरले. “नाही” म्हणाला असता तर मी दुसरीकडे सोय पाहिली असती आणि हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

9 तारखेला, शुक्रवारी, आम्ही सकाळी ठाण्याहून निघालो. अण्णा, मी, माझे पती आणि मुलगा. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला आत वळलो तसे अण्णा मागच्या सीटवर सरळ होऊन बसले. पांडवगड दिसल्यावर त्यांनी मुलाला बोट दाखवून दाखवला. साडेतीनला आम्ही वाड्यापाशी पोचलो. दिंडी दरवाजातून वाकून आत जाताना त्यांनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तो माणूस कोणत्या मनाने आत आला होता हे आपल्याला कळायला हवं.

चौकात दिवे, छत्र्या, वायरी आणि फुलांच्या कमानी होत्या. एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. खोली क्रमांक 2 त्यांच्या कपड्यांना आणि मेकअपला दिली होती. व्यवस्थापकांनी सांगितलं, “वरच्या दोन्ही खोल्या तयार आहेत, त्या जास्त चांगल्या आहेत, व्ह्यू आहे.” मी मोबाइलवरचा निरोप दाखवला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, “मॅडम, तो रिक्वेस्ट असतो, गॅरंटी नसते.” निरोपात “नक्की” हा शब्द आहे. मराठीत त्याचा दुसरा अर्थ मला माहीत नाही.

आपण संचालक आहात, तो जिना आपण पाहिला असेलच. जुन्या वाड्यांचे जिने भिंतीच्या जाडीत काढलेले असतात, अरुंद, अंधारे, एका वेळी एकच माणूस चढेल असे. पायरी जवळजवळ फूटभर उंच. माझ्या मुलाने मोजल्या, 14 आहेत. कठडा नाही, धरायला दोर नाही, दिवा फक्त वरच्या टोकाला. वाड्याचा जिना असाच असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या जिन्याबद्दल आपल्या जाहिरातीत एक शब्दही नाही, आणि सगळं सांगून-विचारून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्यावर चढवलं गेलं, ही माझी तक्रार आहे.

अण्णा चढले. पुढे नातू, मागे जावई, मधे ते, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. वर पोचायला वीस मिनिटं लागली. पलंगावर बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर भिंतीवर तळवा ठेवला. मग दुसऱ्या भिंतीवर. मला म्हणाले, “चुन्याच्या भिंतीला सिमेंट मारलंय यांनी. बघ, लोणा फुटलाय.” खरंच उशाशी पांढरी भुकटी पडली होती. खोलीत ओलीचा वास होता आणि तो झाकायला अत्तराचा फवारा मारलेला. मुलाला दमा नाही, तरी तो रात्रभर शिंकत होता.

या खोलीत चूक नेमकी काय झाली आहे ते अण्णांनी मला समजावलं. आपल्या उपयोगाचं आहे म्हणून इथे लिहिते. दगड-विटांची चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वरून ऑइल पेंट बसला की ओल आतच कोंडते, क्षार वर येतात, पोपडे सुटतात. भिंत निदान दिसते तरी. तुळयांची टोकं त्याच भिंतीत गाडलेली असतात, ती आतून कुजतात आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करणारे कारागीर शोधा, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. त्या रात्री त्यांना स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा त्या तुळयांची काळजी जास्त होती.

रात्रीच्या जेवणाला ते खाली उतरू शकले नाहीत. ताट वर मागितलं तर “माडीवर सर्व्हिस नाही” असं उत्तर मिळालं. मी स्वतः ताट घेऊन तो जिना चढले.

शनिवारी पहाटे आपल्याकडे काम करणारा एक तरुण मुलगा न सांगता वर आला. “आजोबा, माझ्या खांद्यावर हात टाका, घाई नाही,” असं म्हणत त्याने त्यांना खाली उतरवलं. त्याच्यामुळे अण्णा घाटावर पोचले. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची का, पुराचं पाणी तिथे कसं दुभंगतं, हे त्यांनी नातवाला स्वतः दाखवलं. नंतर घाटाच्या पायरीवर बसून कृष्णेत पाय सोडले. त्या दोन तासांसाठी मी त्या मुलाची आयुष्यभर ऋणी राहीन. या पत्रामुळे त्याला कुणी बोल लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याचं नाव मी म्हणूनच लिहीत नाही.

परत आल्यावर पुन्हा जिना चढणं शक्य नव्हतं. अण्णा ओसरीवर खुर्ची घेऊन बसले. दहाच मिनिटं झाली असतील. आपल्याकडची एक कर्मचारी आली आणि म्हणाली, “काका, जरा तिकडे बसता का, फ्रेममध्ये येताय.” ते उठले, आतल्या बाजूला गेले. थोड्या वेळाने तिथूनही उठवलं, कारण तिथे कपडे बदलायला जागा हवी होती. मग ते काही न बोलता दिंडी दरवाजातून बाहेर गेले आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या आमच्या गाडीत जाऊन बसले. मी आंघोळीला वर गेले होते. खाली आल्यावर ते दिसेनात म्हणून शोधत बाहेर आले. दीड तास ते गाडीत बसून होते. मला म्हणाले, “असू दे गं. त्यांचंही कार्य आहे.”

महोदय, मला झोंबलं आहे ते हे. खोली बदलली, वास आला, ताट वर आलं नाही, हे मी रागावून विसरले असते. वाईत वाढलेल्या माणसाला वाईच्या वाड्यात बसायला ओसरी मिळाली नाही, हे मी विसरू शकत नाही. ओसरी कशासाठी असते हे वाडा विकत घेणाऱ्याला माहीत असायला हवं. वाटसरूने टेकावं, पाणी मागावं, म्हणून ती असते. फोटोशूटला माझा विरोध नाही, आपला धंदा आहे. पण ज्या दिवशी चौक दुसऱ्याला दिला आहे त्या दिवशीच्या पाहुण्यांना ते आधी सांगायला हवं होतं. आम्ही तारीख बदलली असती. ते शूट रात्री अकरापर्यंत चाललं. ते संपल्यावर त्याच मुलाने अण्णांना पुन्हा वर नेलं.

रविवारी मेणवलीला जायचं ठरलं होतं. सकाळी उजवा गुडघा सुजलेला होता, तेव्हा ते रद्द करून आम्ही थेट ठाण्याला आलो. निघताना अण्णांनी देवडीतला आपला माहितीफलक वाचला. त्यावर ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांनी बांधलं असं लिहिलं आहे. ते गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलं. मेणवलीची घंटा इंग्रजांनी भेट दिली असंही लिहिलं आहे. ती पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि ती 1739 च्या चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर इकडे आली. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावात बसून झालं त्या गावात असा फलक लावू नये. तो बदलायला फार खर्च येणार नाही.

बिलाबद्दल थोडक्यात. जेवणाच्या 4,860 रुपयांवर 10 टक्के सेवाशुल्क, म्हणजे 486 रुपये, आपोआप लावले होते. काढा म्हटल्यावर “सिस्टममधून येतं” असं सांगितलं. हॉटेलांनी सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे निर्देश 4 जुलै 2022 पासून आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवले.

घरी आल्यावर मी 12 तारखेला ईमेल केला. तीन दिवसांनी उत्तर आलं की खोल्या उपलब्धतेनुसार दिल्या जातात, आणि पुढच्या मुक्कामावर 20 टक्के सवलतीचं कूपन आलं. 19 तारखेला मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला आपल्या कार्यालयात आले. तिथे अर्धा तास बसवून “ईमेल करा” असं सांगितलं. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. ते कूपन मला नको आहे.

मला हवं आहे ते असं. अण्णांच्या खोलीचे दोन रात्रींचे 13,000 रुपये आणि त्यावरचा 650 रुपये जीएसटी, असे 13,650 रुपये परत करावेत, कारण जी खोली मी विकत घेतली ती मला मिळालीच नाही. सेवाशुल्काचे 486 रुपये आणि त्यावरचा कर परत करावा. आपल्या जाहिरातीत जिन्याच्या पायऱ्या किती आणि केवढ्या उंच हे स्पष्ट लिहावं, जिन्याला दोर किंवा कठडा लावावा, आणि तळमजल्याची निदान एक खोली वयस्कर पाहुण्यांसाठी राखावी, ती कुणाच्याही शूटला देऊ नये. आणि अण्णांना एक पत्र लिहावं. छापील नको. आपल्या हातचं, मराठीत, त्यांच्या नावाने. पैशांपेक्षा मी त्या पत्राची वाट पाहीन.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागण्याची सोय कायद्यात आहे आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

अण्णा आता बरे आहेत. डॉक्टरांनी दोन आठवडे चालणं कमी करायला सांगितलं होतं, ते संपत आले. काल त्यांनी विचारलं, “त्या भिंतीचं कळवलंस का त्यांना?” कळवते म्हटलं. ते या पत्राने कळवलं आहे.

सोबत 4 डिसेंबरच्या निरोपाचा फोटो, दोन्ही बिलं, खोलीतल्या भिंतीचे व जिन्याचे फोटो आणि आपल्या ईमेलची प्रत जोडली आहे. माझं नाव, पत्ता व बुकिंग क्रमांक बिलावर आहेत.

आपली,
अण्णांची मुलगी
नौपाडा, ठाणे