भाच्याचं चाक आणि खड्ड्यावरचा आळ

मुलुंड, मुंबई

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "सायकलच्या कार्बन फायबरच्या चाकांचा भरवसा नाही म्हणे, तुझ्या भाच्याचं तर आपोआप गेलं." मी तेव्हा लोकलमध्ये होतो, घाटकोपरची गर्दी आत घुसली आणि बोलणं तिथंच तुटलं. आपोआप काही गेलेलं नाही, बाबा. तू तशीच चाकं घ्यायच्या बेतात आहेस, वर गाडीच्या पाठीला सायकल लटकवून नाशिकहून कुठंकुठं भटकत असतोस. म्हणून हे सगळं नीट लिहून कळवतो. लांबण लागेल, चहा घेऊन बस.

चाक मागचं. डिस्क ब्रेकच्या सायकलचं, ट्यूबलेस टायरचं. पोराने पहिल्या वर्षाच्या पगारातून पैसे साठवून घेतलेलं. दाजींच्या मते एवढ्या पैशात सेकंडहॅण्ड स्कूटर आली असती, आणि हे ते अजूनही दर जेवणाला ऐकवतात. एका शनिवारी दोघं बापलेक गाडीला मागं सायकली बांधून लोणावळ्याला गेले, पवना धरणाला चक्कर मारायची म्हणून. तिथं सायकल उतरवली तर मागच्या टायरात हवा नाही. पोराने ट्यूब घातली, चक्कर पूर्ण केली, संध्याकाळी घरी आले. दुसऱ्या दिवशी सायकल धुताना फडकं रिमवर अडलं.

मी पाहिलं तेव्हा नुकसान तळहाताएवढ्या जागेत होतं, आणि फक्त डाव्या अंगाला. वरचं लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, सुरकुतून पिवळट पडलेलं, त्याखालची कार्बनची वीण उठून दिसत होती. डोळे मिटून बोट फिरवलं तर रिमची भिंत तिथं बाहेर फुगलेली लागायची. टायर काढला. ट्यूब नसताना हवा अडवणारी रिमच्या आतली टेप त्याच जागी आकसून कडेपासून सुटली होती, आणि सीलंट, म्हणजे बारीक भोकं बुजवायला टायरात ओततात ते, जे एरवी दुधासारखं पातळ राहतं, ते तिथं वाळून खपली धरून बसलं होतं. टायरची बाजूची भिंत तेवढ्याच पट्ट्यात कडक आणि चकचकीत. बाकी सगळं चाक नव्यासारखं.

आता निकाल काय लागला असेल ते तू ओळखलंच असशील. खड्डा! दुकानदाराने फोटो पाहून फोनवरच सांगितलं, "इम्पॅक्ट डॅमेज, वॉरंटीत बसत नाही." दाजी म्हणाले, "बघून चालवत नाही." सायकल ग्रुपमधले म्हणाले, "कामशेतजवळ आपटला असशील." आणि पोरालाही आठवायला लागलं की हो, आपटलो होतो खरा. पावसाळ्यात कोण आपटत नाही? मुंबईकडे खड्डा हा असा आरोपी आहे की त्याच्यावर कुठलाही गुन्हा नोंदवा, कोणी उलटतपासणी घेत नाही.

पण खड्ड्याची खूण वेगळी असते. मार टायरमधून खालून वर येतो, म्हणून आधी रिमची कड तडकते, टवका उडतो, टायरला किंवा ट्यूबला चिमटा बसून कापल्याची खूण राहते. इथं कड सलग होती, एक बारीक चीरसुद्धा नाही. मग मी एक रुपयाचं नाणं घेतलं आणि कुंभाराकडे मडकं वाजवून घेतात तसं चाक सगळीकडून वाजवत गेलो. चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज, आणि करपलेल्या भागात बद्द. गंमत म्हणजे बद्द आवाज डोळ्यांना दिसणाऱ्या डागाच्याही बोटभर पुढे जात होता. म्हणजे आतले थर एकमेकांपासून सुटले होते, तेही बाहेर दिसतं त्याहून जास्त.

मग एकेक संशयित काढला. हवा जास्त भरली का? त्याची रिम हुकलेस आहे, म्हणजे टायर धरून ठेवणारी आतली वळी नसलेली, आणि अशा रिमला ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, ही वरची मर्यादा. पोरगा त्याच्या बराच खाली राहतो, पंपाचं मीटरही मी ताडून पाहिलं. शिवाय नुसत्या हवेने लॅकर करपत नाही. खारी हवा? हा मुंबईचा खास रोग. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल शिरली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, स्पोक रिमला जिथं आवळतात त्या छोट्या नटांभोवती, म्हणजे निपलभोवती, पांढरी भुकटी धरते. पोरगा पहाटे वरळी सी फेस आणि मरीन ड्राइव्हला असतो, तेव्हा दोन-तीन निपलांवर ती भुकटी निघालीही. (तू गोदाकाठी आहेस, तुला ही काळजी नाही.) पण ती निपलापाशी. तिचा आणि भिंतीवरच्या फोडाचा संबंध नाही.

उरली उष्णता. तुला माहीत आहेच, कार्बनचा धागा स्वतः उष्णतेला दाद देत नाही, पण त्याला बांधून ठेवणारं रेझिन देतं. साधं इपॉक्सी रेझिन १२०-१५० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. जुन्या पद्धतीच्या, रिमलाच ब्रेक लागणाऱ्या कार्बन चाकांना त्याहून बरंच वरचं रेझिन घालावं लागतं, कारण कसाऱ्यासारखा घाट उतरताना ब्रेक दाबून धरला की रिम भाजून निघते. डिस्कच्या चाकाला ती गरज नसते. ब्रेकची सगळी उष्णता मधल्या तबकडीवर, रिमपासून लांब. त्यामुळे या पोराचं चाक उष्णतेला मुळातच हळवं.

आणि इथं मला धागा सापडला. फिरतं चाक भाजलं तर सगळीकडे सारखं भाजतं. हे एकाच जागी, एकाच अंगाला भाजलं होतं. म्हणजे भाजलं तेव्हा चाक उभं होतं, हलत नव्हतं. मग रस्ता, खड्डा, चालवणारा, तिघंही सुटले. आता प्रश्न एवढाच राहिला की हे चाक निश्चल उभं असताना त्याच्याजवळ एवढं गरम काय होतं?

दाजींनी लगेच जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याचं नाव घेतलं. कोळशाची इस्त्री आहे म्हणून. बिचारा. पोरगा सायकल खाली ठेवतच नाही, लिफ्टमध्ये उभी करून वर नेतो आणि स्वतःच्या पलंगाशेजारी टांगतो. ताई म्हणते, सून आली तर झोपेल कुठं. गॅलरीतलं ऊन म्हणशील तर काळं चाक उन्हात साठ-सत्तर अंशांवर जाईल फार तर. त्याने रेझिन मऊ पडत नाही.

मग टायरवर, डागापासून जरा लांब, नायलॉनचा पट्टा घासल्याची खूण दिसली. रॅकवर सायकल झुलू नये, चाक गरगरू नये म्हणून पट्ट्याने चाक करकचून बांधतात ना, ती. मी त्या खुणेपासून डागापर्यंतचे स्पोक मोजले, चाक परत सायकलला लावलं, सगळ्यांना पार्किंगमध्ये नेलं आणि त्या शनिवारसारखीच सायकल रॅकवर चढवायला लावली. पट्टा खुणेवर बांधला. मागे उभा राहून पाहिलं तर डाग बरोबर सायलेन्सरच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर. त्या गाडीचं सायलेन्सर खाली वळवलेलं नाही, सरळ मागे पाहतं.

ताई हसली. दाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "याच गाडीला, याच रॅकवर आपण आधीही सायकली नेल्यात. तेव्हा का नाही जळलं?"

मुद्दा चोख होता. खरं सांगू, मला दाजींचा राग येतो तो याचसाठी, की ते चुकीच्या वेळी बरोबर प्रश्न विचारतात. थोडं उत्तर पोराकडून निघालं. आधी सायकल उलट्या तोंडाने चढवायचे. या वेळी दाजींची नवी सायकलही होती, हॅण्डल एकमेकांत अडकत होते, म्हणून याची फिरवली, आणि मागचं चाक सायलेन्सरच्या बाजूला आलं. पण तेवढ्याने माझं समाधान होईना. नेहमीच्या डिझेल गाडीचा धूर वीतभर अंतरावर, तोही वाऱ्यात, इतका गरम राहायला नको.

गाडी बीएस-६ आहे, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या नव्या, कडक नियमांची. एप्रिल २०२० पासून हे नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या पोटात काजळी अडवणारी गाळणी आली, गॅरेजवाले तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळीने भरत आली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. इंजिन थोडं जादा डिझेल सोडतं आणि गाळणीतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं. याला रीजनरेशन म्हणतात. दहा-वीस मिनिटं चालतं आणि चालकाला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. शहरात रखडत चालणाऱ्या गाडीला ते पुरं करायला वावच मिळत नाही, काजळी साठत जाते. दाजी आठवडाभर मुलुंड ते बीकेसी मुंगीच्या चालीने जातात. म्हणजे शुक्रवार संध्याकाळपर्यंत गाळणी गच्च. शनिवारी पनवेल सोडून एक्स्प्रेस वेला लागले, गाडीला वेग मिळाला, आणि तिने आपली भट्टी पेटवली. पुढे बोरघाटात सुट्टीची कोंडी! भट्टी चालू, गाडी जागच्या जागी, गार करायला वारा नाही, आणि गरम झोत एकाच ठिकाणी. रेझिन मऊ पडलं, आतल्या हवेने मऊ भिंत बाहेर ढकलली, टेप आकसली आणि हवा गेली. लोणावळ्याला पोहोचेपर्यंत खेळ संपला होता.

दाजींना मी एवढंच विचारलं, गाडी बंद केल्यावर काही वेगळं जाणवलं का? जरा वेळ गेला. मग म्हणाले, "पंखा बराच वेळ फिरत होता. वासही येत होता जळका. मला वाटलं, घाट चढून आलीय."

पण अंदाज तो अंदाज. आपण व्हीजेटीआयच्या वर्कशॉपमध्ये शिव्या खाऊन शिकलो ते असं सोडून द्यायला नाही. लॅमिंग्टन रोडवरून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, लावता येणारा मीटर आणला. भांडुपच्या गॅरेजमध्ये गेलो, तिथल्या पोराने स्कॅनर लावून गाडी उभी असतानाच रीजनरेशन सुरू करून दिलं. मी सायलेन्सरसमोर तेवढ्याच अंतरावर जुन्या कार्बन रिमचा एक तुकडा टांगला होता, त्याच्या भिंतीला थर्मोकपलची तार चिकटवलेली. आधी नुसतं इंजिन चालू ठेवलं तेव्हा आकडा हाताला सोसेल इतकाच. मग इंजिनचा आवाज चढला आणि आकडा वर सरकू लागला. शंभरी ओलांडली तेव्हा दाजी वाकून मीटर बघायला लागले. दीडशेच्या पुढे गेल्यावर लॅकरचा वास आला आणि गॅरेजचा पोरगा म्हणाला, "काका, बास करा."

घरी आल्यावर मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं, प्लॅस्टिकचं वेष्टनसुद्धा दाजींनी काढलं नव्हतं. त्यात स्पष्ट छापलंय की रीजनरेशन चालू असताना सायलेन्सर फार तापतं, वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका. गवताचं छापलंय, चाकाचं नाही. पण ज्याला कळायचं त्याला कळलं असतं.

दुकानदार पैसे देणार नाही, आणि खरं तर देऊही नये. त्याचं कारण चुकलं, पण चाकात दोष नव्हता हे त्याचं म्हणणं खरंच निघालं. फक्त त्याने "इम्पॅक्ट" लिहून दिलं ते कापून "कारण बाहेरचं" असं लिहून घ्यायला पोरगा गेला होता. दिलं नाही. मला वाटतं, हट्ट करायला हवा होता. उद्या सायकल विकायची झाली तर आपटलेली सायकल म्हणून किंमत पाडतील.

चाक दुरुस्त करून देतो म्हणणारा एक फायबरवाला भेटला होता. मी नको म्हटलं. आपटून तडकलेलं कार्बन जाणत्या हाताने जोडता येतं, पण शेकून सुटलेले थर वरून पट्टी मारून परत एक होत नाहीत. पोराचा विश्वास बसेना, म्हणून मास्क लावून, पाणी मारत, हॅक्सॉने डागावरून चाक कापलं. (ती धूळ फार वाईट, फुप्फुसात जाऊ देऊ नकोस.) कापलेल्या तोंडावर थर वेगळे झालेले स्पष्ट दिसत होते, मध्ये नख सहज शिरत होतं. पोरगा काही बोलला नाही, पण दाजींनी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिला. नव्या चाकाचे अर्धे पैसे ते देणार आहेत. हे ताईकडून कळलंय, तुला माहीत नाही असंच समज.

तर तू चाकं घे, खुशाल घे. फक्त रॅक लावलीस की एकदा मागे जाऊन उकिडवा बस आणि सायलेन्सरच्या तोंडाच्या रेषेत काय येतंय ते बघ. तुझी गाडी पेट्रोलची आहे म्हणून गाफील राहू नकोस, पेट्रोलचा धूर एरवी डिझेलपेक्षा गरमच असतो. तोंड खाली वळवणारी नळी बसवून मिळते, नाहीतर ते चाकच काढून डिकीत टाक. टपावरचा रॅक सगळ्यात बरा, पण तुमच्या सोसायटीच्या गेटची कमान बुटकी आहे, ते तूच बघ.

वहिनींना नमस्कार. चिरंजीवांचा निकाल लागला का, ते कळव.

तुझा,
विन्या

ता. क. मीटर माझ्याकडेच आहे. दिवाळीत येशील तेव्हा गाडी आणि रॅक दोन्ही घेऊन ये, तुझंही मोजून टाकू. दाजीही येतो म्हणालेत. आजकाल सोसायटीत रॅक लावलेली गाडी दिसली की ते खाली वाकून सायलेन्सर बघतात आणि मालकाला थांबवून भाषण देतात.