परळच्या ओपीडीतल्या डॉक्टरताईंना

आदरणीय डॉक्टरताई,

तुमची रेसिडेन्सी संपली, आता तुम्ही इथे नसता, असं सिस्टर म्हणाल्या. म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय. खूण सांगते: आमचे हे गिरगावातल्या छापखान्यात प्रुफं तपासायचे आणि दोन्ही डोळ्यांपुढे एकाएकी धूसर झालं होतं.

त्याआधी डोकं ठणकत होतं, मान आखडली होती, कानांत सूंऽऽ आवाज. आम्ही प्रत्येक दुखण्यासाठी वेगळा दवाखाना गाठला. डोळे तपासता तपासता कानांचं विचारलंत ते तुम्हीच. आजाराचं नाव व्हीकेएच, म्हणजे व्होग्ट-कोयानागी-हाराडा. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी डोळ्यात असतात, तशाच मेंदूच्या आवरणात, आतल्या कानात, त्वचेत आणि केसांतही असतात, आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावरच उठते, हे केसपेपरच्या मागे चित्र काढून सांगितलंत.

प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी प्रथिनं सोडतात ती सायटोकाइन, म्हणजे वॉचमनची शिट्टी, असं म्हणाला होतात. एकाने वाजवली की चार जमतात, तेही वाजवायला लागतात. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१७ ही त्या शिट्ट्यांची नावं. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींचे सांधे सैल पडतात आणि पाणी झिरपून डोळ्याच्या पडद्याखाली साचतं. ओसीटीच्या, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीच्या, फोटोत तो काळा फुगा तुम्ही पेनाने दाखवलात.

स्टेरॉइडने फुगा बसला, पण डोस उतरवला की परत यायचा. मग टीएनएफला अडवणारं अडालिमुमॅब ठरलं. आम्हाला घाई, आणि तुम्ही मात्र छातीचा एक्स-रे, टीबीची रक्ततपासणी, मेंदूचा एमआरआय लिहून दिलात. "डोळ्याच्या औषधाला छातीचा फोटो कशाला?" हे कुरकुरले. रांग दारापर्यंत गेलेली, तरी तुम्ही खुर्ची ओढून बसलात. शरीरात निपचित पडलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचं काम हाच टीएनएफ करतो. त्याला अडवलं तर ते मोकाट सुटतात. मुंबईत हे तपासल्याशिवाय सुई टोचायची नाही, म्हणालात. एमआरआय कशाला, तेही सांगितलंत: मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उठते त्या आजारात, टीएनएफ अडवून पाहिला होता, १९९९ साली निष्कर्ष आले, तर आजार उलटण्याचे प्रसंग उलट वाढले होते. यांचा एमआरआय त्या बाबतीत निर्धोक निघाला, पण टीबीची तपासणी पॉझिटिव्ह आली. आधी प्रतिबंधाच्या गोळ्या, मग इंजेक्शन. गडबडीत तेवढंच राहून गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी फार वेळ करत नाही.

आता दर पंधरा दिवसांनी ४० मिलिग्रॅम. बर्फाची पिशवी घेऊन कल्याण लोकलमध्ये उभं राहायचं आणि घरी फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात नाही, हेही तुम्हीच बजावलेलं. हे पुन्हा प्रुफं वाचतात, माझ्या याद्यांतले ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सुधारतात. पापण्यांचे केस मात्र पांढरे झालेत. डाय चालेल का, हे नव्या डॉक्टरांना विचारायला लाजतात. तुम्ही असतात तर विचारलं असतं.

मनापासून आभार, ताई.

तुमच्या पेशंटची बायको