तळ्याच्या खालच्या अंगालाही विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तळ्यातली मत्स्यशेती स्थानिकांना पर्यावरणपूरक वाटते, अशा आशयाची बातमी आपल्या अंकात वाचली. 9 वर्षे मी मातीच्या तळ्यात रोहू, कटला, मृगळ वाढवतो. अशाच एका पाहणीतला एक 'होय' माझाही आहे. प्रश्नावली घेऊन आलेली मुलगी बांधावर उभी राहिली, "परिसराला फायदा होतो का?" म्हणाली, आणि मी "होतोच की" म्हणून मोकळा झालो. खाली ओहोळाकाठी राहणाऱ्या मावशींकडे मात्र ती गेली नाही. ऊन चढले होते आणि तिकडची वाट काट्याकुट्यांची.

माझे उत्तर खोटे नव्हते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यामुळे तळ्यात आपोआप तयार होणारे खाद्य सहसा वाया जात नाही. पण शेजारी हे बघत नाहीत. ते बघतात बगळे, खंड्या आणि डास. "तळ्यात मासे सोडल्यापासून डास कमी झाले" हे वाक्य मी कितीदा ऐकले असेल. मग एका पावसाळ्यात माझा गुडघा धरला, काठचे गवत कापायचे राहून गेले, आणि त्याच शेजाऱ्यांनी डास वाढल्याची तक्रार आणली. दोन्ही वेळा ते बरोबर होते. दाट गवतात मासा शिरू शकत नाही, तिथे अळ्या निर्धास्त वाढतात. कोणी सुचवले, गंबुशिया सोडा. तो अळ्या खातो खरा, पण इतर माशांची अंडी-पिल्लेही सोडत नाही, म्हणून मी नको म्हटले. कोयता हाती घेणे स्वस्त पडले.

बगळ्यांचे कौतुक करणाऱ्यांना एक सांगतो: पक्ष्यांपासून मासे राखायला आम्ही तळ्यावर जाळी ताणतो, आणि तिच्यात पाय अडकलेला पाणकावळा मी स्वतः सोडवलेला आहे. तो चावतो.

विहिरीचे पाणी वाढले, हेही लोक हमखास सांगतात. मातीच्या तळ्यातून पाझर होतो, पण वर्षागणिक तळाशी गाळ बसून तो मंदावतो. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याखालून तर पाझरायला वावच नसतो. तरीही त्या तळ्यांच्या शेजारीही मी हेच ऐकले आहे. चांगला पाऊस झाला की श्रेय तळ्याला!

आता पाण्याच्या रंगाबद्दल. मी रोज सकाळी कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसतो का ते बघतो. कोपर भिजण्याआधीच तळवा दिसेनासा झाला, तर पाणी शेवाळाने फार हिरवे झाले आहे असे समजून, ते शेवाळ वाढवणारे शेणखत तळ्यात घालणे बंद करतो. रात्री शेवाळही प्राणवायू घेते, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. ढगाळ हवेत एकदा पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर तोंडे उघडून वर आलेले मी पाहिले. पंप लावून पाणी उडवत बसलो, तरी काही गेलेच. बघ्यांना मात्र तेच हिरवेगार पाणी "किती जिवंत तळं" वाटत होते.

आणि मावशी. खाद्यातल्या नत्राचा बराच मोठा हिस्सा माशाच्या अंगी लागत नाही, तो पाण्यात आणि गाळात उतरतो. मासे काढून तळे रिकामे करताना सर्वांत घाण असते ते तळाचे, शेवटचे पाणी. सुरुवातीची 4 वर्षे मी तेही सरळ ओहोळात सोडले. एकदा मावशी काळे पाणी ठिबकणारे धुणे घेऊन बांधावर आल्या. "तुमचे मासे पाणी साफ करतात म्हणे. मग हे माझ्याकडं कुठून येतं?" मला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून वरचे पाणी ओहोळाला देतो, शेवटचे हातभर तळ्यातच निवळू देतो, आणि सुकलेला गाळ आसपासचे शेतकरी पाट्या भरून नेतात. आज कोणी विचारले, तर गाळ नेणारे मत्स्यशेतीची स्तुतीच करतील. मावशी काय म्हणतील, ते मी त्यांच्या वतीने सांगणे बरे नव्हे.

समुद्रावरचा भार हलका होतो, हा फायदा मी फक्त अहवालांत वाचतो, बांधावर कोणाच्या तोंडी ऐकला नाही. तोही माशावर अवलंबून आहे. रोहू-कटल्याचे कोंडा-पेंडीवर भागते. मांसाहारी मासे पाळले, तर त्यांच्या खाद्यात समुद्रातल्याच माशांची भुकटी पडते.

पाहणी करणाऱ्यांना म्हणूनच विनंती: मासे सोडण्याच्या समारंभाला येता तसे तळे उपसायच्या आठवड्यातही या, आणि पाणी जिकडे वाहते तिकडच्या घरांपासून प्रश्न सुरू करा. त्या मुलीचा फोन नंबर मी ठेवला आहे. यंदा उपसा सुरू करायच्या आदल्या दिवशी तिला कळवणार आहे. खालची वाटही तोवर साफ करून ठेवीन.

आपला,
एक मत्स्यशेतकरी