पात्रता स्पर्धेचीही बातमी हवी

संपादक महोदय,

हिवाळी ऑलिम्पिकमधल्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाच्या, पदकांची बातमी निदान छापून तरी येते. पण तिथवर नेणाऱ्या पात्रता स्पर्धेला चार ओळीही मिळत नाहीत, याचं मनापासून वाईट वाटतं. डिसेंबर २०२१मध्ये नेदरलँड्समधल्या लेवार्डनला बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकच्या उरलेल्या जागांसाठी चुरस झाली. ईव्ह मुइरहेडचा ब्रिटिश संघ आणि सात्सुकी फुजिसावाचा जपानी संघ, दोघेही तिथूनच आत आले. आणि फेब्रुवारीत महिलांच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर! ब्रिटनने १०-३ असं सुवर्ण जिंकलं.

या खेळात सुमारे २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड अगदी अलगद सोडायचा असतो. मग तो वीतभर पुढे सरकावा म्हणून संघातल्या दोघी वाकून, जीव तोडून त्याच्यापुढचा बर्फ ब्रशने घासतात. ब्रश चुकून सरकत्या दगडाला लागला, तर पंचाने विचारायची वाट न बघता खेळाडू आपणहून सांगते. (मला हे फार आवडतं.)

पुढच्या पात्रता स्पर्धेच्या वेळी रोजचे निकाल आणि गुणतक्ता क्रीडा पानावर द्यावा, ही विनंती.

— एक नियमित वाचक